चेकबॉक्स की मल्टिपल सिलेक्ट?

फोंड्यातल्या आमच्या भजनी मंडळाच्या ऑनलाइन अर्जात एक प्रश्न होता: कोणकोणत्या तालुक्यांत भजनाला येऊ शकाल? पेडण्यापासून काणकोणपर्यंत पर्याय 12, निवड कितीही.

आधी मल्टिपल सिलेक्टची, म्हणजे एकाच चौकटीतून अनेक पर्याय निवडता येणारी यादी लावली. जागा कमी लागते, पण संगणकावर एकाहून जास्त नावं निवडायला कंट्रोलचं (मॅकवर कमांडचं) बटण दाबून धरावं लागतं. मंडळातल्या वडीलधाऱ्यांना ते कोण सांगणार? नुसतं क्लिक केलं की आधीची निवड पुसली जायची. चेकबॉक्समध्ये बारा नावं समोर दिसतात, हवी तिथे खूण करायची. मला तेच पटलं. शेकडो पर्याय असतील तर मात्र शोधता येणारी यादी हवी.

भरलेला अर्ज जिथे पोचतो त्या सर्व्हरवर दोन्हींची वागणूक सारखीच. सर्व्हरवरच्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत अर्जातल्या घटकाच्या नावाच्या शेवटी [] लावलं नाही, तर फक्त शेवटचा पर्याय हाती येतो. माझे दोन दिवस यातच गेले. काहीच निवडलं नाही तर रिकामी यादीसुद्धा येत नाही, ते नावच गायब असतं. म्हणून ते नाव आलंय का, हे आधी पीएचपीचं isset वापरून तपासा. आलेला प्रत्येक पर्याय आपल्या बारा नावांशी ताडून मगच डेटाबेसमध्ये घाला, कारण ब्राउझरमधून कोणी काहीही पाठवू शकतो.