लिटल टोकियोतलं म्युझियम, आमच्या मंडळाच्या प्रसिद्धीवाल्याकडून

आमच्या मंडळाची प्रसिद्धी माझ्याकडे आहे. म्हणजे गणपतीचं फ्लायर, व्हॉट्सॲपवर तीनदा आठवण, आणि मोदक संपले की बोलणी खाणं. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या जॅपनीज अमेरिकन नॅशनल म्युझियममध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये गेलो, तो थोडा धंद्याच्या नजरेनंच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यातल्या वायोमिंग राज्यातल्या हार्ट माउंटन छावणीची मूळ लाकडी बराक तेव्हा इथे आणून उभी केली होती. फटींतून वायोमिंगचा वारा कसा येत असेल ते कुणी सांगावं लागत नाही. पण मी अडकलो ‘इरेइचो’पाशी. युद्धकाळात छावण्यांत डांबलेल्या 1,25,284 जणांची नावं असलेला हा जाडजूड ग्रंथ. तेव्हाची पद्धत अशी: आधी वेळ ठरवून यायचं, आणि एका नावाखाली छोटा शिक्का उमटवायचा. माझं जपानशी नातं सुशीपुरतं. तरी हात थरथरला. भाषण नाही, घोषणा नाही, पाहुणा आपोआप त्यांच्या बाजूला. आमचं फ्लायर आठवून लाज वाटली.

उणीव एकच, पण मोठी: या लोकांनी सरकारकडून भरपाई मिळवायचा लढा नेमका कसा लढला, ते मला फारच थोडक्यात आटोपल्यासारखं वाटलं. खरी करामत तर तिथेच आहे! 1978 मध्ये जेएसीएल या जपानी-अमेरिकन नागरिकांच्या संघटनेनं माणशी 25,000 डॉलर मागितले. तेव्हा समाजातलेच कितीतरी जण म्हणत होते, जुनं कशाला उकरता? मग त्यांनी आधी सरकारी चौकशी आयोग मिळवला. 1981 च्या सुनावण्यांत साडेसातशेहून जास्त साक्षी झाल्या. पोटच्या मुलांनाही कधी न सांगितलेलं म्हातारे कॅमेऱ्यासमोर बोलले. आणि भरपाईच्या विधेयकाचा क्रमांक? एच. आर. 442. कितीतरी जणांचे घरचे तारेच्या कुंपणात असताना युरोपात अमेरिकेसाठी लढलेल्या जपानी-अमेरिकन पोरांच्या 442 व्या रेजिमेंटवरून घेतलेला. आता करा विरोध! 10 ऑगस्ट 1988 ला अध्यक्ष रेगन यांची सही झाली: माफी, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर. हा आकडा भिंतीवर हातभर मोठा हवा होता.

पाचपैकी साडेचार. मुख्य इमारत जानेवारी 2025 पासून नूतनीकरणासाठी बंद झाली, तेव्हा आधी चौकशी करून जा. गाडी नेऊ नका. मेट्रोचं लिटल टोकियो स्टेशन जवळच आहे. शेजारच्या पार्किंगवाल्यानं मला तिकिटापेक्षा जास्त कापलं.