उरण ते फोर्ट: लाँच, लोकल की सेतूवरची बस?

मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांचं एक निवेदन सध्या आमच्या उरणात हातोहात फिरतंय. त्यात तीन मागण्या आहेत. मुंबईची लाँच जिथून सुटते त्या आमच्या मोरा बंदरातला ओहोटीचा प्रश्न कायमचा सोडवा. उरण लोकलच्या फेऱ्या वाढवा आणि त्यातल्या काही थेट सीएसएमटीला न्या. उरणच्या चारफाट्यावरून अटल सेतूमार्गे फोर्टपर्यंत पुरेशा बस सोडा. सही करताना यातल्या एका मागणीपुढे 'पहिली' असं लिहायचं आहे. द्रोणागिरीत नव्याने राहायला आलेली मंडळी मला विचारतात, कशापुढे लिहू? बॅलार्ड इस्टेटमधल्या नोकरीसाठी मी बावीस वर्षं हा प्रवास केलाय आणि गेल्या दोन वर्षांत तिन्ही वाटा आलटून पालटून वापरल्यात. तेवढ्या भांडवलावर लिहितो. तुमचं ऑफिस दादरला किंवा कुर्ल्याला असेल तर मात्र लोकलच घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आधी लोकल. १२ जानेवारी २०२४ ला ती उरणपर्यंत आली आणि त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. जिथे लहानपणापासून फक्त मालगाड्या पाहिल्या तिथे माणसांची गाडी उभी राहिलेली पाहताना माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझं घर कोटनाक्याजवळ आहे, स्टेशन पायी दहा मिनिटांवर. तिकीट तिन्हींत सगळ्यात स्वस्त. गाडी रात्री उशिरापर्यंत असते, त्यामुळे शेवटची लाँच गाठण्यासाठी बैठकीतून मधेच उठून पळावं लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत गेली, तेव्हापासून तर लोकलचं पारडं आणखी जड झालंय. सीएसएमटीला उतरा, जमिनीखालूनच मेट्रो धरा आणि हुतात्मा चौक, चर्चगेट किंवा विधान भवनला निघा. मंत्रालयात काम करणाऱ्या माझ्या मेहुण्याला उन्हापावसाची चिंता उरली नाही. तो लोकल सोडणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

मला खटकते ती नेरूळची बदली. उरणची गाडी नेरूळ किंवा बेलापूरला संपते आणि तिथून हार्बरची गाडी धरायची. जाताना काही वाटत नाही, हार्बरच्या गाड्या मागोमाग येतात. त्रास परतताना होतो. नेरूळच्या जिन्यावर असताना उरणची गाडी हलली, की पुढची येईपर्यंत फलाटावर बसून राहायचं. सुरुवातीला हे बसणं जवळपास तासाभराचं असायचं. फेऱ्या वाढल्या तशी वाट पाहणं कमी झालं, पण संपलं नाही. सकाळी घराच्या उंबऱ्यापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत माझे दोन तास तरी जातात, कधी थोडे जास्तच.

बसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सेतूवरचा प्रवास सुंदर आहे, त्यात शंका नाही. साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून जाताना हिवाळ्यात शिवडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. बेस्टने मार्च २०२४ मध्ये बेलापूरच्या कोकण भवनहून जागतिक व्यापार केंद्रापर्यंत एस-१४५ सुरू केली, उलव्यातल्या लोकांना ती सोयीची पडते. पण सेतूने वाचवलेला वेळ शिवडीला उतरल्यावर, फ्री वे संपतो तिथल्या गर्दीत, परत द्यावा लागतो. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंतचा बोगदा झाला की कदाचित हे बदलेल. तोवर एके दिवशी सव्वा तास लागतो, दुसऱ्या दिवशी दोन. हजेरीची वेळ ठरलेली असणाऱ्याने यावर भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही.

आता लाँच. मोऱ्याहून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यापर्यंत माझ्या घड्याळाने पाऊण तास. पुढे धक्क्यावरून बेस्टची बस मिळते, नाहीतर डॉकयार्ड रोड स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे. सकाळी घरापासून ऑफिसपर्यंत मला साधारण दीड तास लागतो आणि त्यातला निम्मा वेळ मी वाऱ्यावर बसलेला असतो. वर्तमानपत्र सबंध उघडून वाचता येतं. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बंद असते तेव्हाही आमची मोऱ्याची सेवा चालू राहते, वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तरच थांबते. हंगामात तिकीट वाढतं, लाँच हेलकावे खाते, पोटात ढवळतं, हे मान्य. सुरक्षेचा प्रश्न लोक विचारतात आणि विचारायलाच हवा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली. त्या संध्याकाळी आमच्या बंदरावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेव्हापासून मी लाँचमध्ये पाय ठेवला की आधी जॅकेट अंगात घालतो आणि शेजारच्यालाही घालायला लावतो.

पण ज्यामुळे माझा निर्णय झाला ती गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे ओहोटी.

मोरा बंदरात गाळ साचतो. भरतीला लाँच धक्क्याला सहज लागते, पण मोठ्या ओहोटीला धक्क्यासमोर नुसता चिखल उघडा पडतो. आमच्याकडे कोळी मंडळी भरतीचा हिशोब तिथीवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची वेळ. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पाणी जेव्हा सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं, तेव्हा पूर्ण ओहोटी नेमकी संध्याकाळी सहाच्या आसपास येते. पुढे ती रोज पाऊण-एक तासाने सरकते. म्हणजे पौर्णिमेपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत आणि पुन्हा अमावास्येनंतर तेवढेच दिवस, ऑफिस सुटायच्या वेळेलाच लाँच बंद. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांचीही तीच गत. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा काहीच अडचण नसते.

काही वर्षांपूर्वीची द्वितीया मला अजून आठवते. पाणी पुरेल अशा अंदाजाने शेवटच्या क्षणी लाँच सुटली. मोऱ्याच्या अलीकडे, धक्क्यावरची माणसं ओळखू येतील इतक्या अंतरावर, तळ गाळाला लागला. इंजिन बंद झालं आणि सगळे गप्प झाले. माझ्या पिशवीत आईचं इन्सुलिन होतं, बर्फाच्या पाकिटात गुंडाळून मुंबईहून आणलेलं. बर्फ वितळून पाणी पिशवीतून ठिबकत होतं. समोर धक्क्यावर धाकटा भाऊ स्कूटर घेऊन उभा होता. मी त्याला पाहत होतो, तो मला पाहत होता आणि आमच्यामध्ये गुडघाभर पाणी आणि कमरेएवढा चिखल. रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मावशींनी मला सरकून जागा दिली आणि पिशवी सावलीत ठेवायला सांगितली. दीड तासाने पाणी वळलं, लाँच हलली. इन्सुलिन निघालं ठीक, पण तो दीड तास माझ्या अंगातून गेला नाही.

तरीही मी पहिला क्रम मोऱ्यालाच दिला. ओहोटीचा राग असूनही दिला असं वाटेल, पण खरं तर त्या रागामुळेच, तो त्रास संपावा म्हणून. आणि तो त्रास मला वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर दिसतो. त्या दिवशी लोकलने जायचं हे मी आधीच ठरवू शकतो. नेरूळला गाडी चुकणार की सेतूच्या टोकाला बस अडकणार, हे कुठल्याच कॅलेंडरात नसतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकलच्या फेऱ्या आज ना उद्या वाढणारच. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, उलवे आणि द्रोणागिरीत इमारती उभ्या राहताहेत, त्या सगळ्यांचा रेटा त्या मागणीमागे आहे. बसमागेही सेतूचं वजन आहे. मोऱ्याच्या धक्क्यासाठी मात्र उरणकरांशिवाय कोण बोलणार? तिथल्या रो-रो जेट्टीचं, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटींच्या धक्क्याचं, काम किती वर्षं रखडलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

निवेदनात 'गाळ काढा' असं लिहिलंय, तिथे एक दुरुस्ती मी सुचवली आहे. गाळ काढला तरी दोन पावसाळ्यांत तो परत येतो, हे आम्ही अनुभवलंय. त्यापेक्षा खोल पाण्यापर्यंत पोचणारा धक्का आणि त्याच्या टोकाला पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता फलाट मागावा. कोचीत २०२३ पासून चालणाऱ्या जलमेट्रोत असेच फलाट आहेत, चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही बोटीत सरळ जातो. मुंबईच्या जलमार्गांचा अभ्यासही कोची मेट्रोकडेच दिलेला आहे. फक्त त्यांच्याकडे पाणी मीटरभर चढतं-उतरतं, आपल्याकडे उधाणाला ते पाच मीटरच्या जवळ जातं. म्हणून त्यांचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही, धक्क्यावरून तरंगत्या फलाटावर उतरणाऱ्या पुलाची लांबी आणि धक्क्याची खोली आपल्या समुद्राप्रमाणेच ठरवावी लागेल. हे निवेदनात स्पष्ट लिहायला हवं. आणि तिकीट लाँचएवढंच राहावं हेही लिहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली, पण रोजच्या नोकरदाराला ते भाडं कसं परवडणार होतं?

तुम्हाला लाटांचा त्रास होत असेल, रात्रपाळी असेल किंवा मूल कडेवर घेऊन प्रवास करायचा असेल, तर लोकलपुढे 'पहिली' लिहा, मी मनात काही धरणार नाही. ज्यांचं अजून ठरत नसेल त्यांनी येत्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मोऱ्याला जावं आणि धक्क्याच्या टोकाला उभं राहून पाणी कुठवर मागे गेलंय ते पाहावं. मीही तिथे असेन. निवेदनाचा कागद त्यानंतरच्या रविवारपर्यंत माझ्याकडेच आहे.