बोट ठेवलेल्या आठ आकड्याने मला कसं फसवलं

लिहायची लाज वाटतेय, तरी लिहितो. ओळखीपाळखीत कोणी गेमिंगसाठी लॅपटॉप घ्यायला निघालं की आधी मला फोन करतं. 'प्रोसेसरवर आय७ लिहिलंय म्हणून भुलू नका, नावातलं शेवटचं अक्षर बघा, यू असेल तर तो १५ वॅटचा, कमी ताकदीचा,' हे मी वीसेक जणांना तरी ऐकवलं असेल. रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर बघून 'सात हजारची सिरीज, म्हणजे नवीन' म्हणणाऱ्या मावसभावाला तर झापलंच होतं: तिसरा अंक बघ, २ आहे, आत २०१९ची झेन २ ही जुनी रचना आहे. तो हा मी, चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधलं काम करणारं एकेक केंद्र) प्रोसेसर आठ कोरचा समजून घरी घेऊन आलो.

पैसे १४ महिने बाजूला टाकलेले. ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं आरटीएक्स ३०५०, त्यापुढे उडी नव्हती. रॅम पुढेमागे वाढवता येते, एसएसडी बदलता येते, पण लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डाला सोल्डर केलेला. एकदा घेतला की तोच. म्हणून आय७-११८००एच हवाच, असा हट्ट धरला. मी खेळता खेळता रेकॉर्डिंगही करतो, आणि सेटिंग खाली ओढून १४४ हर्ट्‌झच्या स्क्रीनवर फ्रेम पळवायच्या म्हटलं की सगळा भार प्रोसेसरवरच येतो. हट्ट चुकला नव्हता, हे अजूनही म्हणेन.

नवा परवडेना, म्हणून जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर शोधला. विकणारा मुलगा बोलायला गोड. बिल म्हणे घर बदलताना हरवलं. तिथेच उठायला हवं होतं. पण वापरलेल्या वस्तूचं बिल कोण जपून ठेवतो, अशी त्याची बाजू माझी मीच घेतली.

भेटलो एका इमारतीच्या पायऱ्यांवर. कीबोर्डशेजारी आय७चा स्टिकर होता, एक कोपरा उचललेला. मी तो नखाने दाबून नीट बसवला. त्याचं खोटं मी माझ्या हाताने चिकटवून दिलं! सिस्टमच्या पानावर नाव बरोबर होतं. तरी मी टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे अगदीच आंधळा नव्हतो. परफॉर्मन्स, मग सीपीयू. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, "दादा, हे बघा, आठ."

ते आठ 'लॉजिकल प्रोसेसर'समोरचे होते (इथे एक कोर दोन कामं एकदम हाताळतो, म्हणून हा आकडा कोरच्या दुप्पट दिसतो). त्याच्याच वरच्या ओळीत 'कोर' ४. बोटाने ती ओळ झाकली होती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नाही, स्पष्ट दिसत होती. खऱ्या ११८००एचला तिथे कोर ८ आणि लॉजिकल १६ येतात. एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली मेमरी, २४ एमबी हवी, ८ होती. बेस स्पीड २.३० गिगाहर्ट्‌झ हवा, ३.११ होता. आणि यावर मी मनात काय म्हणालो? जास्त आहे, म्हणजे चांगलंच की! रात्री अजूनही तो ३.११ डोळ्यांपुढे येतो.

पैसे तिथेच, एकरकमी पाठवले. तसाच, पण चार कोरच्या आय५ प्रोसेसरचा लॅपटॉप त्याच आठवड्यात त्याच अ‍ॅपवर ३१ टक्क्यांनी स्वस्त होता. म्हणजे दर शंभरातले ३१ मी एका स्टिकरचे मोजले.

तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावून खेळायला बसलो, तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्स कार्ड अर्धं रिकामं. आधी ड्रायव्हरला शिव्या घातल्या, मग थर्मल पेस्टला. नवव्या दिवशी विंडोज पुसून नव्याने टाकलं, आणि नाव आलं आय५-११३००एच. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणारा मूळ प्रोग्राम) तेच. विंडोज हे नाव रजिस्ट्रीतल्या, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीतल्या, एका ओळीतून वाचून दाखवतं. ती ओळ दर वेळी सुरू होताना नव्याने भरली जाते, म्हणून पठ्ठ्याने लॉगइनबरोबर चालणारी एखादी फाइल लपवून ठेवली असणार. असणार म्हणतोय, कारण ती मीच पुसली. पुरावा मीच धुतला.

वर हा ११३००एच! नावात ताकदवान चिपचा एच आहे, पण जानेवारी २०२१मध्ये आलेल्या ३५ वॅटच्या गटातला, चार कोरचा. ११८००एच त्याच वर्षी मे महिन्यात आला, ४५ वॅटचा. म्हणजे शेवटचं अक्षर बघून भागत नाही. कोर मोजा. बायोसमध्ये स्वतः शिरा, विकणाऱ्याला माउसला हात लावू देऊ नका.

आता दाद मागण्याची कथा. अ‍ॅपवाले म्हणाले, पैसे अ‍ॅपबाहेर दिलेत, आमचा संबंध नाही. तक्रार तीनदा नोंदवली, तिन्ही वेळा 'निवारण झाले' म्हणून बंद. कोणाचं निवारण? बँक म्हणाली, पाठवले तुम्हीच ना? लॅपटॉप कंपनीच्या बाईंनी तळाचा सिरीयल नंबर घेतला आणि दोन मिनिटांत सांगितलं की हा कारखान्यातून आय५ म्हणूनच निघालाय. तेच लेखी मागितलं तर म्हणे फक्त मूळ ग्राहकाला देतो. (तुम्ही मात्र हा फोन घेण्याआधी करा. फुकट आहे.) सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, कॉम्प्युटरचं प्रकरण आहे, सायबरकडे जा. तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी विचारलं, "लॅपटॉप चालतो ना?"

"चालतो."

"मग फसवणूक कसली?"

त्यांना कोर आणि लॉजिकल प्रोसेसर समजावून सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला त्यांचा फोन वाजला, ते उठून गेले. २३ दिवस झाले, साधा तक्रारीचा क्रमांकही हातात नाही.

एक मित्र म्हणतो, ३०५०ला ११३००एच पुरतो, कशाला रडतोस. एकट्याने खेळायच्या बऱ्याच गेमना पुरतही असेल. मग आय५चेच पैसे घ्यायचे होते ना!

हो, पैसे देण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा आणि तिथेच, त्याच्यासमोर, ओळ न् ओळ मोठ्याने वाचा. चॅट पुसू नका. आणि माझ्यासारखं तावातावाने विंडोज पुसायला बसू नका.

काल अ‍ॅपवर एक जाहिरात दिसली. नाव वेगळं, पण पायऱ्या त्याच, लॅपटॉप दुसरा, लिहिलंय आय७-११८००एच. कळवली. रात्री उत्तर आलं: नियमांचा भंग आढळला नाही.