ग्रुप बस की व्हीसीए?

गाणं मिक्स करताना ड्रमचे आठ ट्रॅक एकाच फेडरने (आवाजाची पातळी कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने) सांभाळायचे, तर दोन वाटा आहेत: ग्रुप बस किंवा व्हीसीए. ग्रुप बसमध्ये आठही ट्रॅकचा आवाज खरोखर एकत्र येतो, म्हणून त्या सगळ्यावर मिळून एक कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवळून धरणारं साधन) लावता येतो. व्हीसीएमधून आवाज जातच नाही. व्हीसीए नुसता लांबून आठ फेडर हलवतो. त्यावर प्लगइन, म्हणजे कॉम्प्रेसरसारखं आवाजावर काम करणारं सॉफ्टवेअर, लावायचा प्रश्नच नाही.

खरी गंमत रिव्हर्बपाशी, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्यापाशी. ट्रॅकवरून पोस्ट-फेडर सेंड (ट्रॅकच्या फेडरनंतर रिव्हर्बकडे पाठवलेली आवाजाची प्रत) गेलेला असताना बस खाली ओढली, तर कोरडा, म्हणजे रिव्हर्बशिवायचा, आवाज उतरतो आणि रिव्हर्ब तेवढाच राहतो. ड्रम मागे सरकल्यासारखे वाटतात. (कधीकधी तेच हवं असतं, ते वेगळं.) व्हीसीए ओढला की सेंडही सोबत उतरतो.

पण तेच ट्रॅक बसमधूनही जात असतील आणि बसवर कॉम्प्रेसर असेल तर व्हीसीए अडचणीचा. तो खाली घेतला की कॉम्प्रेसरमध्ये जाणारी पातळी घटते, पकड सैल पडते, ड्रमचा पोतच बदलतो. बसचा फेडर सहसा कॉम्प्रेसरनंतर येतो, त्यामुळे तिथे ही भीती नाही.

घरच्या मिक्सला मी बसच घेईन. व्हीसीए तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसतोही. रिव्हर्ब गायकासोबत सामायिक असेल आणि गाण्यात ड्रम सतत चढवायचे-उतरवायचे असतील, तरच व्हीसीए.