एकाच मजकुरातून वेब, पीडीएफ आणि ईपब: अ‍ॅस्कीडॉक्टर की स्फिंक्स?

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका एकदाच लिहायची आणि तिच्यातून वेबसाइट, पीडीएफ, ईपब (ई-पुस्तक) आणि जमलं तर मॅन पेजही (टर्मिनलवर वाचायचं आज्ञेचं माहितीपान) काढायचं, इथपर्यंत ज्यांचं ठरलेलं आहे त्यांच्यासाठी हा आढावा. साध्या मजकुराच्या फाइल्स, गिट (फाइल्सच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि सर्व्हरवर आपोआप होणारा बिल्ड (मूळ फाइल्समधून अंतिम स्वरूपं बनवणं) हे सगळं गृहीत धरलं आहे. या टप्प्यावर खरी निवड अ‍ॅस्कीडॉक्टर आणि स्फिंक्स या दोघांतच उरते असं माझं मत आहे. पण पॅनडॉकचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

जॉन मॅकफार्लेन यांचं पॅनडॉक २००६ पासून आहे आणि एका स्वरूपातून दुसऱ्यात मजकूर नेण्याच्या कामात त्याला तोड नाही. वर्डची फाइल हवी असेल तर आजही तोच रस्ता सर्वांत सोपा: शैली ठरवलेली एक नमुना फाइल 'रेफरन्स-डॉक' म्हणून द्यायची, मथळे आणि परिच्छेद त्या शैलीत येतात. मात्र पॅनडॉक हे रूपांतराचं साधन आहे, अनेक फाइल्सच्या ग्रंथाचा कारभार बघणारं नाही. आकृत्यांचे आणि तक्त्यांचे क्रमांक संदर्भात हवेत तर 'पॅनडॉक-क्रॉसरेफ' हा वेगळा फिल्टर (रूपांतराच्या मध्येच मजकूर बदलणारी जोड) लावावा लागतो. मजकुरातला दुवा चुकीच्या जागी दाखवत असेल तर एचटीएमएल बनवताना पॅनडॉक काहीच बोलत नाही. तीस-चाळीस पानांच्या पुस्तिकेला हे चालून जातं. त्यापुढे फिल्टरांवर फिल्टर चढत जातात आणि आपण नकळत स्वतःचंच एक स्फिंक्स बांधायला घेतो.

आता मुख्य दोघे. अ‍ॅस्कीडॉक्टर रुबीत आहे आणि अ‍ॅस्कीडॉक ही मांडणीची भाषा वाचतं. गिटची स्वतःची मॅन पेजेस याच भाषेत लिहिलेली आहेत. स्फिंक्स पायथनमध्ये आहे. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते पायथनच्याच माहितीसाठी घडवलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. लिनक्स कर्नलची माहितीही २०१६ पासून डॉकबुक हे एक्सएमएलवर आधारलेलं स्वरूप सोडून स्फिंक्सकडे वळली. दोन्ही दणकट आहेत, कुठलंही निवडलं तरी काम अडणार नाही.

लिहिण्याच्या सोयीचा विचार केला तर अ‍ॅस्कीडॉक सरळ पुढे आहे. तक्त्याच्या एका घरात यादी, कोड आणि सूचना एकत्र घालायच्या असतील तर त्या घराला 'ए' ही शैली दिली की झालं. कोडमध्ये वर्तुळातले क्रमांक टाकून खाली एकेका ओळीचं स्पष्टीकरण लिहिता येतं, आणि ते क्रमांक पीडीएफमध्येही नीट उमटतात. मूळ कोडच्या फाइलमधला फक्त एक भाग खुणांनी बांधून 'इन्क्लूड' करता येतो, म्हणजे कोड बदलला की पुस्तिकेतला नमुनाही बदलतो. त्यापुढे स्फिंक्सचं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट अवघडच वाटतं. मथळ्याखालची रेघ मथळ्यापेक्षा तोकडी पडली की वॉर्निंग, एखाद्या ओळीचा समास दोन जागांनी हलला की अर्थच बदलतो. 'मिस्ट' हे जोडपॅकेज लावून मार्कडाउनमध्ये लिहिता येतं आणि नव्या प्रकल्पात तेच करावं असं मी सुचवेन, पण अ‍ॅस्कीडॉकची सफाई त्यालाही नाही.

पीडीएफच्या तयारीतही अ‍ॅस्कीडॉक्टर सोपं पडतं. 'अ‍ॅस्कीडॉक्टर-पीडीएफ' हे जेम (रुबीचं जोडपॅकेज) बसवायचं, यॅमल या साध्या मांडणीच्या सेटिंग-फाइलमध्ये रंग, फॉन्ट आणि समास लिहायचे आणि बिल्ड चालवायचा. एसव्हीजी (रेषांवर आधारलेली) चित्रं थेट चालतात. स्फिंक्सची पीडीएफ लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीमधून जाते, म्हणजे बिल्डच्या मशीनवर टेक लाइव्ह हा तिचा संच हवा. पूर्ण संच घेतला तर तो कित्येक गिगाबाइटचा आहे. वर लाटेकच्या फेऱ्या आपोआप चालवणारं 'लाटेकएमके'ही लागतं. झीलाटेक किंवा लुआलाटेक ही लाटेकची युनिकोड जाणणारी इंजिनं वापरली तर शब्दसूचीसाठी स्फिंक्स मुळातच 'झिंडी' हा प्रोग्राम मागतं, ते बसवलेलं नसेल तर बिल्ड शेवटच्या टप्प्यावर कोसळतो. लाटेकला एसव्हीजी आणि जीआयएफ कळत नाहीत, त्यामुळे चित्राच्या नावात विस्ताराच्या जागी तारा (*) लिहायचा आणि त्याच नावाची एसव्हीजी व पीडीएफ अशा दोन फाइल्स ठेवायच्या. मग वेबसाठी एक आणि पीडीएफसाठी दुसरी स्फिंक्स स्वतः निवडतं.

अ‍ॅस्कीडॉक्टर-पीडीएफच्या मर्यादा मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. तक्त्याचं एक घर पानापेक्षा उंच झालं तर उरलेला मजकूर कापला जातो. लॉगमध्ये तशी ओळ येते, पण फाइल तयार होते आणि तशीच वाचकाकडे जाते. गणिती सूत्रांसाठी वेगळी सोय लावावी लागते. शिवाय देवनागरीत लिहिणाऱ्यांनी हे आधीच पाहून घ्यावं: त्याच्या मुळाशी असलेलं 'प्रॉन' ही प्रोग्रामिंग लायब्ररी अक्षरांची जोडणी करत नाही. योग्य फॉन्ट दिला तरी जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. अरबी आणि तमिळसारख्या लिप्यांनाही हीच अडचण. त्यावर उपाय म्हणजे डॉकबुक काढून लाटेककडे जाणं किंवा एचटीएमएलवरून ब्राउझरने पीडीएफ बनवणं. म्हणजे एका जेमवर काम भागण्याचा फायदा तिथेच संपतो. स्फिंक्समध्ये 'लाटेक_इंजिन' या सेटिंगला झीलाटेक किंवा लुआलाटेक द्यायचं आणि 'फॉन्टपीकेजी'मध्ये मुख्य फॉन्टबरोबर कोडचा एकसमान रुंदीचा फॉन्टही ठरवायचा. हा दुसरा फॉन्ट विसरला की कोडमधल्या मराठी टिपांच्या जागी चौकोन येतात.

एवढ्यावर पारडी साधारण समान राहिली असती. माझ्यापुरता निकाल एका वेगळ्याच त्रासाने लागला, तो म्हणजे अंतर्गत संदर्भांचा.

एकाच स्वरूपात काम असेल तेव्हा तुटलेला दुवा ही किरकोळ चूक असते. वेबवर वाचक शोधपेटीत शब्द टाकतो आणि पुढे जातो. छापलेल्या किंवा फोनवर उतरवलेल्या पीडीएफमध्ये 'अधिक माहितीसाठी इथे पाहा' याला काही अर्थच उरत नाही. तिथे प्रकरणाचा क्रमांक हवा, पान हवं. म्हणजे संदर्भ जुळलेला असून भागत नाही, तो प्रत्येक स्वरूपात त्या त्या रीतीने उमटला पाहिजे. आणि तो तुटला असेल तर बिल्ड थांबला पाहिजे, कारण चार स्वरूपांतलं प्रत्येक पान हाताने तपासणं कुणालाच जमत नाही.

अ‍ॅस्कीडॉक्टरमध्ये मथळ्यावरून आपोआप खूण (दुव्याने गाठायचा त्या जागेचा पत्ता) तयार होते. 'स्थापना' नावाचे दोन विभाग असले तर दुसऱ्याच्या खुणेला शेवटी दोन हा आकडा लागतो. आता कुणी त्यांच्या आधी तिसरं 'स्थापना' आणून ठेवलं की आकडे सरकतात आणि जुना दुवा निमूटपणे भलत्याच विभागाकडे जातो. खूण अस्तित्वात आहे, त्यामुळे तक्रार करायला कारणच नाही. पॅनडॉकमध्येही अगदी असंच होतं. संदर्भाची खूण मुळातच नसेल, तर अ‍ॅस्कीडॉक्टर ते 'व्हर्बोज' (सविस्तर संदेशांचा पर्याय) चालवल्यावरच सांगतं, आणि 'फेल्युअर-लेव्हल' (किती गंभीर चुकीला अपयश मानायचं ती पातळी) खाली आणली नाही तर एरर येऊनही प्रोग्राम शून्य कोड देऊन यशस्वी म्हणून संपतो. एका फाइलमधून दुसऱ्या स्वतंत्र फाइलमधल्या विभागाला दिलेला दुवा तर तपासलाच जात नाही. अनेक रिपॉझिटरींची (गिटमधल्या फाइलसाठ्यांची) मिळून वेबसाइट बांधणारं 'अँटोरा' वापरलं तर पान आहे की नाही एवढं बघितलं जातं, त्या पानातला विभाग बघितला जात नाही. शिस्तीने प्रत्येक मथळ्याला हाताने खूण दिली तर यातला बराच त्रास टळतो. पण मोठ्या चमूत ही शिस्त यंत्राने राखली पाहिजे, माणसांच्या लक्षात राहण्यावर सोडता येत नाही.

स्फिंक्स इथे उलट्या बाजूने सुरुवात करतं. 'रेफ'ने दिलेला संदर्भ हाताने लावलेल्या लेबलकडेच जातो, ती लेबलं सगळ्या फाइल्सना मिळून एकाच नोंदवहीत जमतात. लेबल सापडलं नाही तर वॉर्निंग, तेच लेबल दोनदा आलं तरी वॉर्निंग. बिल्डला मोठ्या लिपीतला 'डब्ल्यू' पर्याय दिला की प्रत्येक वॉर्निंग एरर ठरते. सोबत धाकट्या लिपीतला 'एन' दिला तर फंक्शन आणि क्लासच्या नावांचे संदर्भही काटेकोर तपासले जातात. जुन्या आवृत्त्यांत 'कीप-गोइंग' जोडावं, नाहीतर पहिल्याच चुकीवर सगळं थांबतं आणि बाकीच्या चुका कळत नाहीत. प्रकरणं हलवा, फाइलचं नाव बदला, मथळा सुधारा, लेबल तेच असेल तर सगळ्या स्वरूपांत संदर्भ नव्या मथळ्यासकट बरोबर येतो.

शिवाय स्वरूपानुसार संदर्भाचं रूप बदलायची सोय एका ओळीची आहे. 'लाटेक_शो_पेजरेफ्स' चालू केलं की पीडीएफमध्ये प्रत्येक अंतर्गत संदर्भापुढे पान क्रमांक येतो. 'लाटेक_शो_यूआरएल्स'ला 'फुटनोट' दिलं की बाहेरचे पत्ते तळटिपेत छापले जातात, आणि ईपबमध्ये ते पत्ते मुळातच मजकुरात दुव्यापुढे कंसात येतात. अ‍ॅस्कीडॉक्टर-पीडीएफला 'मीडिया' प्रिंट म्हणून सांगितलं तर बाहेरचे पत्ते तेही छापतं, हे खरं. पण अंतर्गत संदर्भाला पान क्रमांक हवा असेल तर रुबीत स्वतःचं एक्स्टेंशन लिहावं लागतं.

स्फिंक्सचे गुण सांगितले तसे त्याचे सापळेही सांगायला हवेत. पहिला आकृत्यांच्या क्रमांकांचा. 'नमफिग' (आकृत्यांना आपोआप क्रमांक देणारी सेटिंग) चालू केलं पण मुळाच्या 'टॉकट्री'ला (ग्रंथातल्या फाइल्सच्या क्रमवार यादीला) 'नंबर्ड' दिलं नाही, तर वेबवर आकृत्या १, २, ३ अशा सलग मोजल्या जातात आणि पीडीएफमध्ये प्रकरणवार, ३.२ वगैरे. एक वाचक वेबवर आणि दुसरा पीडीएफवर असला की दोघांचं बोलणं जुळत नाही. (अ‍ॅस्कीडॉक्टरमध्ये क्रमांक सगळीकडे सलग आणि सारखेच, हा त्याचा निखळ गुण.)

दुसरा सापळा 'ओन्ली' या निर्देशाचा. एखादा भाग फक्त एचटीएमएलसाठी ठेवता येतो, पण तो निर्देश मजकुरापुरताच आहे. आतले मथळे आणि लेबलं त्याच्या ताब्यात नसतात. फक्त वेबसाठीच्या भागातल्या लेबलला बाहेरून संदर्भ दिला, तर स्फिंक्सच्या नोंदवहीत ते लेबल असतं, पीडीएफमध्ये मात्र ती जागाच नसते. म्हणून 'ओन्ली'मध्ये परिच्छेद आणि चित्रंच ठेवावीत, विभाग कधीही नाही. अ‍ॅस्कीडॉकचं 'इफडेफ' याबाबतीत जास्त स्वच्छ आहे, कारण ते मजकूर वाचतानाच कापून टाकतं.

तिसरा पातळ्यांचा. एखाद्या विभागाच्या आत 'टॉकट्री' ठेवली की तिच्यातली पानं वेबवर नेहमीसारखी दिसतात, पण पीडीएफमध्ये त्यांचे मथळे एकेक पायरी खाली घसरतात. यादीत यादी करत गेलात तर लाटेक 'टू डीपली नेस्टेड' म्हणून थांबतं; 'मॅक्सलिस्टडेप्थ' वाढवता येतं, पण इतकी खोल यादी मोडून टाकणंच बरं.

चौथा खास आपल्या लिपीचा. पूर्ण देवनागरी मथळ्याची आपोआप बनणारी खूण स्फिंक्समध्ये 'आयडी५' अशी निघते, कारण खूण बनवताना रोमन नसलेली अक्षरं गाळली जातात. मध्ये एक विभाग आला की आकडा बदलतो आणि बाहेरून कुणी दिलेला दुवा चुकतो. आतल्या संदर्भांना याचा उपद्रव नाही. प्रत्येक मथळ्याच्या वर रोमन अक्षरांतलं लेबल दिलं की तेच पत्त्यातही स्थिर राहतं.

ईपब आणि मॅन पेज यांत फारसा फरक नाही. ईपब दोन्हींकडे बरा निघतो, प्रसिद्ध करण्याआधी 'ईपबचेक' हे तपासणीचं साधन चालवावं. मॅन पेज हेच मुख्य उत्पादन असेल तर अ‍ॅस्कीडॉक्टरकडे जावं. तिथे नाव आणि एका ओळीचा उद्देश ही रचना सक्तीची आहे आणि निकाल सुबक असतो. भाषांतरं करायची असतील तर स्फिंक्सचा 'गेटटेक्स्ट' बिल्डर (भाषांतरासाठी वाक्यं वेगळी काढणारा) अंगचाच आहे, आणि तीच भाषांतरं सर्व स्वरूपांना लागू पडतात.

एकच पुस्तक, एकच मोठी फाइल, लिहिणारे दोघे-तिघे, मजकूर रोमन लिपीत आणि टेक लाइव्ह बसवायची परवानगी नाही, अशी स्थिती असेल तर मी अ‍ॅस्कीडॉक्टरला नाही म्हणणार नाही. फाइल्स शंभराच्या पुढे, लिहिणारे येणारे-जाणारे, आणि वेब व पीडीएफ दोन्ही एकाच दिवशी प्रसिद्ध होणार असतील तर स्फिंक्सची कटकट सोसण्यासारखी आहे असं मला वाटतं.

स्फिंक्स घेणार असाल तर बिल्डचा क्रम असा ठेवा: आधी 'डब्ल्यू' लावून एचटीएमएल, त्यावर बाहेरचे दुवे तपासणारं 'लिंकचेक', मग 'लाटेकपीडीएफ'. दोन बिल्डर एकाच वेळी चालवायचे असतील तर प्रत्येकाला वेगळी 'डॉकट्री' फोल्डर (वाचलेला मजकूर साठवायची जागा) द्या, नाहीतर साठवलेली नोंदवही बिघडू शकते. आणि 'डब्ल्यू'ची कक्षा स्फिंक्सपुरतीच आहे हे विसरू नका. लाटेकच्या टप्प्यातल्या वॉर्निंग त्यात मोजल्या जात नाहीत. त्यासाठी पीडीएफ झाल्यावर लाटेकच्या लॉग फाइलमध्ये दोन गोष्टी शोधणारी छोटी स्क्रिप्ट जोडा: 'अनडिफाइन्ड' रेफरन्स आणि 'मिसिंग कॅरेक्टर'. पहिली सापडली तर बहुधा 'ओन्ली'मध्ये अडकलेलं लेबल असतं, दुसरी सापडली तर कोडच्या फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर.