ई-जागृतीवर सदोष गाडीची तक्रार: दाखल करणं सोपं, टिकवणं अवघड

जानेवारी २०२५ मध्ये ई-जागृती पोर्टल सुरू झालं आणि ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करण्याची आधीची ई-दाखिल व्यवस्था त्यात सामावली. नवी गाडी वारंवार बिघडणाऱ्या ग्राहकाला ही सेवा खरंच उपयोगी आहे. वकील सक्तीचा नाही, शुल्क ऑनलाइन भरता येतं, सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे (पुढची कलमंही याच कायद्यातली) तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातच तक्रार चालते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. उणीव एकच, पण मोठी आहे. पोर्टल रकाने भरून घेतं, पीडीएफ चढवून घेतं. त्या पीडीएफमध्ये दोष कसा मांडायचा हे मात्र सांगत नाही. तक्रारी अडकतात त्या तिथेच.

शुल्काचा भाग सरळ आहे. ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. हा हिशेब गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर होतो, मागितलेल्या भरपाईवर नाही. १९८६ च्या कायद्यात भरपाईही धरत असत. त्या सवयीने आकडा फुगवला की तक्रार चुकीच्या आयोगाकडे जाते. ५० लाखांपर्यंतची गाडी जिल्हा आयोगाकडे, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे.

दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तक्रार फेटाळता येत नाही. मुदतीत निर्णय झाला नाही तर कलम ३६ प्रमाणे ती दाखल झाली असं मानलं जातं. या टप्प्यावर दोन गोष्टी हमखास आड येतात. पहिली मुदत: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. वकिलाची नोटीस पाठवली म्हणून ती वाढत नाही. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज कारणांसह त्याच वेळी जोडा. दुसरी कायद्याच्या अर्थाने ‘ग्राहक’ असणं, कारण धंद्यासाठी घेणारा त्यात सहसा बसत नाही. गाडी टॅक्सी म्हणून चालत असेल तर ती स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली, हे वाक्य तक्रारीत हवंच. नाहीतर व्यापारी हेतूचा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो.

आता खरा भाग, दोषाचं वर्णन. ‘गाडी पहिल्यापासून खराब आहे, मनस्ताप झाला’ एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. प्रत्येक जॉब कार्डाची (सर्व्हिस सेंटर दुरुस्तीच्या वेळी देतं तो कागद) नोंद या धर्तीवर हवी: तारीख, कार्ड क्रमांक, ६,२१० किमी, गिअर बदलताना क्लच घसरतो, क्लच प्लेट बदलली, पुढची तारीख, ६,९८० किमी, तीच तक्रार. दुरुस्तीनंतर तोच दोष परत आला हे अशा नोंदींतूनच दिसतं. जॉब कार्डावर सर्व्हिस सेंटरने नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या. पुढे कंपनी नेमका तोच कागद दाखवते.

जाबदारांची, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या कंपनी, वितरक वगैरेंची नावं घालताना प्रत्येकाने काय केलं याचा वेगळा परिच्छेद लिहा. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात वितरकाने जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण कंपनीला ते माहीत होतं असं तक्रारीत म्हटलेलं नव्हतं आणि सिद्धही झालं नव्हतं. ‘जाबदार १ ते ३ यांनी संगनमताने’ हे ठोकळेबाज वाक्य इथे कामाचं नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषासाठी कलम ३८ खाली तपासणीचा अर्ज सुरुवातीलाच द्या. तपासणीचा खर्च तक्रारदाराला आधी भरावा लागतो आणि अहवालाला ४५ दिवस धरलेले आहेत. तोवर गाडी बाहेर खोलू नका, विकू तर मुळीच नका. मात्र प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागतोच असं नाही. ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धडकेचा वेग आणि बल मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ असणं ग्राहकाकडून अपेक्षित नाही.

मागणी एकच ठेवू नका. ‘गाडी बदलून द्या’ एवढंच मागितलेले अर्ज अपिलात कोसळतात. मारुती उद्योगच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालात, वॉरंटी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असल्याने, क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द झाला. म्हणून आधी गाडी बदलणं, ते नाही तर व्याजासह किंमत परत, तेही नाही तर सदोष भाग बदलून वाढीव वॉरंटी आणि भरपाई, असा उतरता क्रम लिहा.

आणि जाबदारांचे पत्ते तपासून भरा, कंपनीसाठी नोंदणीकृत कार्यालयाचा. लेखी कैफियतीसाठी, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर देण्यासाठी, त्यांना ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या २०२० च्या निकालानंतर त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. पण ही मोजणी तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हाती पडल्यापासून होते. पत्ता चुकला की ती सुरूच होत नाही.