अर्नी बॉल व्हीपी ज्युनिअर आणि पायाने वाजणारी गिटार

माझे पहिले व्हॉल्यूम पेडल, म्हणजे पायाने दाबून आवाज कमीजास्त करायची पट्टी, दिसायला देखणे होते, पायाखाली लोण्यासारखे फिरत होते आणि तरीही महिनाभरात ते कपाटात गेले. गिटार त्यात जोडली की पेडल पूर्ण दाबलेले असतानाही आवाज गोधडीआडून आल्यासारखा बसका वाटे, आणि अँप्लिफायरवरचे ट्रेबलचे, म्हणजे उंच स्वरांचे, बटण शेवटापर्यंत फिरवूनही तारेचा तजेला काही परत येत नसे. पेडल बिघडलेले नव्हते. ते कीबोर्डसाठी बनवलेले, कमी इम्पीडन्सचे, म्हणजे विजेच्या संदेशाला कमी विरोध करणारे, पेडल होते, आणि दुकानात गिटारच्या पेडलांच्या शेजारी ‘व्हॉल्यूम पेडल’ या एकाच नावाने मांडून ठेवलेले होते. त्यानंतर घेतलेले अर्नी बॉल कंपनीचे २५० किलोओहमचे (किलोओहम हे या विरोधाचे माप) व्हीपी ज्युनिअर आजही माझ्या पेडलबोर्डावर आहे. हे परीक्षण मुख्यतः त्याचेच. पण त्याचे गुणदोष समजायचे असतील, तर आधी त्या गोधडीचे कारण समजून घ्यावे लागते.

पिकअप म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा संदेश करणारा गिटारवरचा भाग. साध्या, म्हणजे बॅटरीवर न चालणाऱ्या पिकअपमधून निघणारा संदेश अगदी क्षीण असतो आणि पुढे जोडलेल्या वस्तूचा भार त्याला फारसा सोसत नाही. सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याच्या, पिकअपच्या गिटारीत बहुधा २५० किलोओहमचा आणि हंबकरच्या, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या, गिटारीत ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट, म्हणजे फिरवून विरोध बदलायचा भाग, बसवलेला असतो, तो याच हिशेबाने. पेडलमध्ये आणखी एक पॉट असतो आणि दोन्ही बटणे पूर्ण उघडी असताना पिकअपला हे दोन्ही पॉट समांतर जोडलेले दिसतात. २५० आणि २५० मिळून भार १२५ किलोओहमचा होतो. थोडे ट्रेबल जाते, पण चालून जाते. पेडलमधला पॉट २५ किलोओहमचा असेल तर मात्र हाच भार २३ किलोओहमच्याही खाली येतो, पिकअपच्या आवाजाला धार देणारा वरच्या पट्टीतला उठाव दबून जातो, आणि मग अँप्लिफायरवर कितीही खटपट केली तरी मुळातच हरवलेले परत आणता येत नाही.

व्हीपी ज्युनिअर दोन प्रकारांत मिळते आणि खोक्यावरचा क्रमांक नीट पाहिला नाही तर फसगत ठरलेली आहे, कारण दोन्ही पेडले दिसायला जवळजवळ सारखीच आहेत. ६१८० हे २५० किलोओहमचे, साध्या पिकअपच्या गिटारीसाठी. ६१८१ हे २५ किलोओहमचे, अ‍ॅक्टिव्ह पिकअप, कीबोर्ड किंवा बफरनंतरच्या जागेसाठी (बफर म्हणजे क्षीण संदेशाला पुढचा भार सोसण्याइतका दमदार करणारे छोटे सर्किट). दोन्हींना वीज लागत नाही. अंग अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि उभ्याने वाजवताना शरीराचा भार पडला तरी ते कुरकुरत नाही. चाल किंचित जड वाटते. मला तीच आवडली, कारण पाय काढून घेतल्यावर पट्टी ठेवली त्या जागी थांबते आणि आवाज अध्येमध्ये घसरत नाही. जॅकजवळ आतल्या बाजूला एक छोटा खटका आहे. आवाज चढण्याच्या दोन रीतींपैकी एक त्याने निवडता येते. एकीत आवाज आधी हळू चढतो आणि शेवटी झपकन उघडतो, दुसरीत तो अधिक समान गतीने वाढतो. कोणती बरी, हे वाजवणाऱ्याच्या घोट्यावर अवलंबून आहे. दुकानात दोन्ही पाहून घ्याव्यात, कारण एकदा पेडल बोर्डावर पक्के बसवले की त्या खटक्यापर्यंत बोट नेणे कंटाळवाणे होते.

आता याच पेडलची खरी मर्यादा, जी बहुतेक जाहिरातींत सापडत नाही. पेडल पूर्ण दाबलेले असताना २५० किलोओहमचा पॉट फारसा आड येत नाही, परंतु ते अर्ध्यावर आणले की पॉटमधला विरोध दोन भागांत विभागला जातो आणि पुढच्या केबलला समोरून सुमारे ६२ किलोओहमचा विरोध दिसू लागतो. केबलला स्वतःची धारिता, म्हणजे विजेचा भार साठवून धरण्याची क्षमता, असते. दर मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर सहा मीटरच्या केबलची ६०० पिकोफॅरड भरते. हे दोन आकडे एकत्र मांडले की सुमारे ४,२०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज गळू लागतो. म्हणजे पेडल मागे घेताना आवाज नुसता लहान होत नाही, तो काळवंडतही जातो. काहींना हा काळोख गोड वाटतो, विशेषतः संथ गाण्यांत. मला तो हवा तेव्हा आवडतो, नको तेव्हा नाही, आणि म्हणून पेडलनंतरची केबल मी शक्य तितकी आखूड ठेवतो. २५ किलोओहमच्या पॉटमध्ये हाच विरोध सव्वासहा किलोओहमच्या वर जात नाही आणि केबलमुळे होणारी गळती ऐकू येण्याच्या पलीकडे जाते. गोधडीचा दोष ज्या आकड्याने माझ्या माथी मारला, तोच आकडा योग्य जागी बसला तर गुण ठरतो. फक्त त्याच्या आधी बफर हवा.

हा ‘आधी बफर’ कुठून आणायचा, तर बऱ्याच जणांच्या बोर्डावर तो असतोच. बॉस कंपनीच्या छोट्या पेडलांत, त्यांच्या टीयू-३ या सूर जुळवायच्या ट्यूनरसकट, पेडल बंद असतानाही संदेश बफरमधून जातो. एकामागोमाग जोडलेल्या पेडलांच्या साखळीच्या सुरुवातीला असा ट्यूनर ठेवला तर पुढे २५ किलोओहमचे पेडल निर्धास्तपणे घेता येते. उलट ज्याची सगळी पेडले ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना संदेश जसाच्या तसा पुढे सोडणारी, आहेत, त्याने हे धाडस करू नये. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाटवणारे पेडल, चालू असेपर्यंत सगळे छान वाटते आणि ते बंद करताच गिटार थेट पेडलवर येऊन आदळते, गोधडी परत अंगावर पडते. जुन्या घडणीच्या फझ, म्हणजे आवाज त्याहूनही खरखरीत फाडणाऱ्या, पेडलांना आपल्या आधी बफर मुळीच खपत नाही, तेव्हा ती बाळगणाऱ्यांनी बफर फझनंतर लावावा. माझ्याकडे फझ नाही, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते बरेच आहे.

ट्यूनरचा विषय निघालाच आहे तर व्हीपी ज्युनिअरवरच्या ट्यूनर जॅकबद्दलही सांगायला हवे. टाच खाली ठेवून आवाज पूर्ण बंद करावा आणि प्रेक्षकांना न ऐकवता गिटार जुळवून घ्यावी, ही सोय कागदावर फार आकर्षक आहे. प्रत्यक्षात हा जॅक इनपुटला समांतर असल्याने ट्यूनरचा आणि त्याच्या केबलचा भार पिकअपवर कायमचा लादला जातो आणि मोठ्या मुश्किलीने वाचवलेले ट्रेबल पुन्हा कमी होते. मी तो जॅक रिकामाच ठेवला आहे. ट्यूनर साखळीत गिटारच्या लगेच पुढे आहे आणि व्हॉल्यूम पेडल त्याच्या पुढे असल्यामुळे टाच खाली नेली तरी ट्यूनरला सूर मिळत राहतो, म्हणून काही अडतही नाही.

साखळीतली जागा बदलली की हेच पेडल वेगळे वाद्य बनते. ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवले तर ते गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखे वागते: मागे घेतले की आवाजाची फाट कमी होऊन तो स्वच्छ होत जातो, पण कानाला मोठेपणात फारसा फरक पडत नाही. ओव्हरड्राइव्हनंतर ठेवले तर आवाजाचा पोत तसाच राहतो आणि फक्त मात्रा बदलते. सोलो आणि साथ यांच्यात ये-जा करणाऱ्याला हीच जागा सोयीची. डिले आणि रिव्हर्ब, म्हणजे पडसाद आणि घुमारा देणारी पेडले, मात्र मी नेहमी पेडलच्या पुढे ठेवतो, म्हणजे पाय मागे घेतल्यावर नवा आवाज थांबतो आणि आधीचे पडसाद आपल्या चालीने विरून जातात. डिले आधी आणि पेडल नंतर असेल तर पाय मागे घेताच पडसादही कात्रीने कापल्यासारखे तुटतात. कधी कधी तेच हवे असते, परंतु संथ गाण्यात ते कानाला बोचते.

व्हॉल्यूम पेडल आवाज लहानमोठा करण्यासाठी असते, हे म्हणणे मला अपुरे वाटते. त्याचे खरे काम छेड पुसण्याचे आहे. टाच खाली ठेवून तार छेडावी आणि मग चवडा हळूहळू दाबत न्यावा, म्हणजे नखीचा टणत्कार ऐकूच येत नाही आणि सूर गजाने ओढल्यासारखा उगवतो. आपल्याकडच्या कानाला हे नवे नाही. संगीत नाटकांच्या साथीला असणाऱ्या ऑर्गनला पाय भात्यावर लागत, आणि त्या जातीच्या अनेक वाद्यांत गुडघ्याने ढकलायची झडपही असे, जिने आवाज फुलवता येई. हात सुरांवर आणि फुलोरा पायावर, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. आमच्या लहानशा वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे कोणी नाही, त्यामुळे भावगीतांतले व्हायोलिनचे तुकडे याच युक्तीने गिटारवर घ्यावे लागतात. त्यात एक अडचण लवकर कळते: सूर फुलायला वेळ लागतो, म्हणून तार ठेक्याच्या किंचित आधी छेडावी लागते, नाहीतर गिटारवाला सतत मागे पडल्यासारखा वाटतो. किती आधी, हे लयीवर ठरते आणि ते मोजून शिकता येत नाही. तबल्याच्या साथीने रोज अर्धा तास बसले की पायाला आपोआप उमजते. मींड घ्यायची असेल तर सूर फुलून आल्यावरच तार ओढावी, कारण फुलण्याआधी ओढलेली मींड कुणाला ऐकूच जात नाही.

दुसरी युक्ती पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा दांडा सरकवत वाजवायची, गिटार वाजवणाऱ्यांची. सूर सुरू होताना ते पेडल पूर्ण दाबत नाहीत. ते मध्याच्या आसपास ठेवतात आणि तारेचा आवाज जसजसा ओसरू लागतो तसतसा पाय पुढे नेतात, म्हणजे सूर आहे त्या पातळीवर लांबत राहतो. इलेक्ट्रिक गिटारवर, ओव्हरड्राइव्ह न लावता, याचा परिणाम फार सुंदर होतो. मात्र त्यासाठी पेडल जवळजवळ सतत अर्ध्यावर असते आणि वर सांगितलेला काळवंडण्याचा दोष नेमका तिथेच जास्त जाणवतो. ज्याला अशा वाजवण्यात रस आहे, त्याने सुरुवातीलाच बफर आणि २५ किलोओहम ही जोडी घ्यावी, असे माझे मत आहे.

इतर पर्यायांकडे वळायचे तर बॉसच्या एफव्ही-५००एचमध्ये किमान आवाज ठरवणारे बटण आहे, जे व्हीपी ज्युनिअरमध्ये नाही आणि ज्याचा मला प्रामाणिकपणे हेवा वाटतो. टाच खाली असताना साथीचा आवाज आणि चवडा खाली असताना सोलोचा आवाज, अशी दोन टोके त्याने पक्की करता येतात. मी ती सोय पट्टीच्या टाचेकडच्या बाजूखाली रबरी गट्टू सरकवून करतो, पण तो गट्टू कार्यक्रमागणिक हरवतो. एफव्ही-५००एलही दिसायला तसेच आहे, मात्र ते कमी इम्पीडन्सचे आणि स्टिरिओ आहे, तेव्हा नावातले शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डनलॉपच्या व्हॉल्यूम एक्समध्ये पॉट फिरवायला दोरीऐवजी धातूची पट्टी आहे. मॉर्लेच्या पेडलांत आवाज प्रकाशाच्या साहाय्याने कमीजास्त होतो आणि लेहलेच्या पेडलांत चुंबकीय सेन्सरने; झिजणारा पॉट नसल्याने त्यांत खरखर येत नाही, पण ती विजेशिवाय चालत नाहीत. एक्स्प्रेशन पेडल नावाची वस्तू तर सर्वस्वी वेगळी आहे. ती तशीच दिसते, तशीच हलते, पण तिच्यातून गिटारचा आवाज जात नाही. ती दुसऱ्या उपकरणाला फक्त आज्ञा देते.

दोरीचा उल्लेख आला, तर तिच्याबद्दलही. व्हीपी ज्युनिअरमध्ये पट्टीची हालचाल पॉटपर्यंत पोचवायला केव्हलारची दोरी आणि स्प्रिंग आहे. दोरीवर चालणारे पेडल घेणाऱ्याने ती कधीतरी तुटणार, असे धरूनच चालावे. माझ्या एका मित्राच्या जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या पेडलची दोरी मध्यंतरानंतरच्या दुसऱ्याच गाण्यात तुटली आणि गिटार जिथे होती तिथे, म्हणजे जवळजवळ शून्यावर, अडकली. पेडल वगळून केबल थेट अँप्लिफायरमध्ये खुपसेपर्यंत एक कडवे निघून गेले होते. नवी दोरी बसवणे अशक्य नाही, परंतु स्प्रिंग ताणून धरत दोरी योग्य दिशेने गुंडाळणे हे दोन हातांचे काम नव्हे, आणि ते घरी, दिवसाउजेडी, दुसऱ्या कुणाला जवळ बसवून करावे. पॉट खरखरू लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक बारीक फवारा मारून पट्टी वीसपंचवीस वेळा हलवली की बहुधा भागते. घरगुती तेल मात्र चुकूनही घालू नये, धूळ त्यालाच चिकटून बसते.

राहिला पायाचा प्रश्न. आपल्याकडे अनेक कलाकार चपला काढूनच रंगमंचावर चढतात आणि मीही तेच करतो. व्हीपी ज्युनिअरच्या पट्टीवरचा थर बुटांची पकड सुटू नये म्हणून खरखरीत ठेवलेला आहे, आणि तीन तासांच्या कार्यक्रमात अनवाणी चवड्याला तो चांगलाच जाणवतो. मी त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला आहे. दिसायला तो अगदीच ओबडधोबड आहे, पण घाम आला तरी पाय घसरत नाही आणि दुसऱ्या दिवशी तळवाही दुखत नाही.